ओएलईडी की आयपीएस: दिवसभर मराठी वाचणाऱ्याने कोणता मॉनिटर घ्यावा?

२७ इंचीच घ्यायचा हे ठरलं, मॉडेलांची चाळणी लावून झाली, आणि शेवटी यादीत एक आयपीएस आणि एक ओएलईडी, असे दोन वेगळ्या जातींच्या पॅनेलचे मॉनिटर उरले की खरी पंचाईत सुरू होते. रिव्ह्यू वाचायला घ्यावेत तर ओएलईडीपुढे बाकी सगळं जुनाट वाटायला लागतं. माझ्याकडे हे दोन्ही प्रकार आहेत आणि दोन्हींवर मी नियमित बसतो: एक १४४०पी क्यूडी-ओएलईडी (ओएलईडीचाच एक प्रकार), दुसरा ४के आयपीएस, म्हणजे १४४०पीपेक्षा बारीक पिक्सेलांचा. त्यातला रोजच्या कामाला कोणता लागतो ते पुढे येईलच.

आधी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण सगळा निवाडा तिच्यावर उभा आहे. माझं काम मजकुराचं. मुद्रितं तपासणं, संपादन, भरपूर वाचन, आणि जवळजवळ सगळं देवनागरीत. तुम्ही मुख्यतः गेम खेळण्यासाठी किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठी मॉनिटर घेत असाल, तर खालचं अर्धंअधिक तुम्हाला लागू नाही. रिफ्रेश रेट, पोर्ट, एचडीआरचे बिल्ले यांचा पाढाही वाचत नाही. तो खोक्यावर छापलेला असतो.

ओएलईडीचं कौतुक आधी उरकून घेऊ, कारण ते खरं आहे. दिवे मालवून सिनेमा लावला की काळा म्हणजे काळाच. आयपीएसमध्ये मागचा दिवा कायम जळत असतो, त्यामुळे काळ्याचा करडा होतो आणि कोपऱ्यांत ती फिकट झळाळी दिसते. साध्या आयपीएसचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ ते प्रमाण, हजाराला एक, ‘आयपीएस ब्लॅक’ पॅनेलांचा दोन-तीन हजाराला एकच्या आसपास. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतःच विझतो, त्यामुळे तिथे या आकड्याला अर्थच उरत नाही. वेगवान हालचालीतही ओएलईडी स्वच्छ. लांबलचक पान झरझर वर सरकवताना अक्षरं आयपीएसवर जशी माखतात तशी त्यावर माखत नाहीत. रात्री सिनेमा पाहायचा झाला तर मी आजही खुर्ची ओएलईडीकडेच वळवतो.

आता शिरोरेषेकडे येऊ.

माझ्या ओएलईडीवर पांढऱ्या पानावरचा काळा मराठी मजकूर पहिल्यांदा उघडला तेव्हा काहीतरी खुपत होतं, पण काय ते कळेना. अक्षरं धारदार होती, तरी नजर ठरत नव्हती. मग जवळ जाऊन पाहिलं. शब्दाच्या डोक्यावरून जाणाऱ्या रेषेला वरच्या बाजूने जांभळट-गुलाबी कड आणि खालच्या बाजूने हिरवट कड. एका शब्दाला नाही, प्रत्येक शब्दाला. पानभर, ओळीमागून ओळ. रंगीत छपाईत प्लेटा केसभर सरकल्या की अक्षराला जशी चोरटी किनार दिसते, तसंच काहीसं. डार्क मोड लावला तर कडा उलटल्या: वर हिरवट, खाली गुलाबी.

कारण पॅनेलच्या रचनेत आहे. आयपीएसमध्ये प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा आणि निळा हे तीन भाग उभ्या पट्ट्यांसारखे शेजारी शेजारी असतात. क्यूडी-ओएलईडीमध्ये त्यांचा त्रिकोण असतो: हिरवा वर, लाल आणि निळा खाली. एरवी हे कळत नाही, तिघं मिळून पांढरा दिसतो. पण जिथे पांढरं संपून काळं सुरू होतं, तिथे काठावर पिक्सेलचा कुठला भाग येतो ते डोळ्याला जाणवतं. काळ्या आडव्या रेषेच्या वरच्या पांढऱ्या पिक्सेलची खालची बाजू तिला भिडते, म्हणजे लाल आणि निळा, मिळून जांभळट. रेषेच्या खालच्या पिक्सेलचा माथा भिडतो, म्हणजे हिरवा. गंमत अशी की आडवी रेष जितकी लांब आणि सलग, तितकी ही कड ठळक. रोमन लिपीत सलग आडवी रेष अशी फारशी नाहीच. टीचं डोकं, ईची मधली दांडी, संपलं. आपल्याकडे प्रत्येक शब्दाला ती आहे.

इंग्रजी रिव्ह्यूंमध्ये या दोषाचा उल्लेख असतोही, नाही असं नाही. पण एखाददुसऱ्या वाक्यात, आणि सोबत दिलासा: फॉन्ट स्मूदिंगची (अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची) सेटिंग बदला, फरक पडेल. हा उपाय मीही केला. विंडोजमधलं क्लिअरटाइप पिक्सेलचे तीन भाग डावीकडून उजवीकडे लाल, हिरवा, निळा असेच आहेत असं धरून चालतं, आणि त्या हिशेबाने अक्षराच्या उभ्या कडा घासूनपुसून घेतं. त्रिकोणी रचनेवर तो हिशेब चुकतो. तो बंद केला किंवा नुसत्या करड्या छटांचं स्मूदिंग लावलं की उभ्या कडा बऱ्याच सुधारतात. काना सुधारला, वेलांटीचा उभा दंड सुधारला. शिरोरेषा होती तशीच! कारण तिची कड स्मूदिंगमुळे आलेलीच नव्हती, ती पिक्सेलच्या घडणीतून आलेली. मॅकवाल्यांनाही इथे सुटका नाही. मॅकओएसने २०१८ मध्ये मोहावे आवृत्तीपासूनच रंगीत स्मूदिंग सोडून दिलं, तरी आडव्या रेषेचं गणित तेच राहतं.

‘नजर सरावेल हो,’ असं मला सांगितलं गेलं, आणि सामान्य वाचनापुरतं ते खरंही आहे. बातम्या वाचताना, मेल पाहताना थोड्या दिवसांनी मला त्या कडा दिसेनाशा झाल्या. मात्र मुद्रित तपासताना वेगळंच व्हायला लागलं. ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यात, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात छोट्या आकारात काय फरक उरतो? मुख्यतः शिरोरेषेतली ती फट. २७ इंची १४४०पी पडद्यावर इंचाला साधारण १०९ पिक्सेल बसतात. नेहमीच्या झूमवर ती फट जेमतेम एक-दोन पिक्सेलांची. त्यात दोन्हीकडून रंगीत कड आली की फट अर्धवट भरल्यासारखी दिसते. ‘धन’ आणि ‘घन’ यांच्यात संदर्भ मदतीला येतो, आडनावांत आणि गावांच्या नावांत येत नाही. दर थोड्या वेळाने झूम वाढवून खात्री करायची, पुन्हा कमी करायचं, ही सवय लागली आणि कामाची लय मोडली. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

तुम्ही म्हणाल, ४केची १४४०पीशी तुलना करून ओएलईडीला नावं ठेवणं बरोबर नाही. रास्त आहे. म्हणून घरात पडून असलेला जुना १४४०पी आयपीएस ओएलईडीच्या शेजारी लावून तेच पान, तोच फॉन्ट, तेवढाच आकार ठेवून पाहिलं. जुन्यावर अक्षरं जराशी मऊ दिसली, कोपरेही तितके रेखीव नव्हते. पण फट फटच दिसत होती. मी काही यंत्राने मोजमाप केलेलं नाही. दुपारभर काम करून डोळे कुठे कमी शिणतात, एवढीच माझी मोजपट्टी. तुमचे डोळे वेगळा कौल देऊ शकतात.

ओएलईडीतही एकच जात नाही, हे इथे सांगायला हवं. दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलांत, ज्यांना डब्ल्यूओएलईडी म्हणतात, लाल, हिरव्या, निळ्याच्या जोडीला पांढरा असा चौथा भाग असतो आणि चौघं एका आडव्या ओळीत असतात. त्यावर रंगीत कडा उभ्या रेषांना येतात, शिरोरेषा बरीचशी वाचते. एका स्नेह्यांकडे तसा मॉनिटर आहे, त्यावर मी मुद्दाम मराठी पानं उघडून पाहिली. काना किंचित रंगाळलेला वाटला, पण वाचायला माझ्या मॉनिटरपेक्षा बरा. ओएलईडीच घ्यायचा असं मनाने घेतलं असेल, तर देवनागरीसाठी मी त्या बाजूला झुकेन. अर्थात त्यावर मी सलग काम केलेलं नाही.

बाकीच्या कुरबुरी थोडक्यात. ओएलईडीवर एखादा छोटा भाग डोळे दिपवण्याइतका उजळतो, पण पडदाभर पांढरं पान आलं की प्रकाश आखडता घेतला जातो. बऱ्याच मॉनिटरांत तो साधारण २५० निट्सच्या (निट हे उजळपणाचं माप) आसपास थांबतो. लिहिण्या-वाचण्याला तेवढा पुरतो, खिडकीजवळ बसत असाल तर कमी पडू शकतो. त्याच उजेडात क्यूडी-ओएलईडीचा काळाही जांभळट करडा दिसतो, कारण त्यात बाहेरचा प्रकाश शोषणारा पोलरायझर नसतो. म्हणजे ज्या काळ्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचे, तो दिवसा भेटत नाही. शिवाय मजकूर बराच वेळ स्थिर राहिला की पडदा हळूच मंद होतो. माझ्या मॉनिटरवर हे बंद करता येतं, सगळ्यांवर येतंच असं नाही. चार-एक तास वापर झाला की पिक्सेल रिफ्रेश (पॅनेलची देखभाल) करू का अशी विचारणा येते. त्रास फारसा नाही, पण वाक्याच्या मध्यात आली की जीव वर येतो.

बर्न-इनची, म्हणजे एकच चित्र पडद्यावर कायमचं उमटून राहण्याची, धास्ती लोकांना सगळ्यात जास्त असते. मला ती थोडी वाढवून सांगितलेली वाटते. टास्कबार आपोआप लपवा, वॉलपेपर गडद ठेवा, ब्राइटनेस माफक ठेवा. माझ्या पडद्यावर अजून काही उमटलेलं नाही. तरी एक खरं: दिवसभर एकच वर्ड प्रोसेसर, त्याची तीच रिबन आणि तीच पांढरी चौकट, हा या पॅनेलला सगळ्यात जाचक वापर आहे. वॉरंटीत बर्न-इन स्पष्ट शब्दांत लिहिलंय का, ते विकत घेण्याआधी वाचा.

आयपीएसची बाजू घेतोय म्हणून त्याचे दोष झाकत नाही. रात्री गडद प्रसंग पाहताना कोपऱ्यातली झळाळी मला अजूनही खटकते. पॅनेलांत डावंउजवं निघतं. एकाच मॉडेलचे दोन नग शेजारी ठेवले तर एकाचा कोपरा दुसऱ्यापेक्षा पिवळट निघू शकतो. मिनी-एलईडीवाले (मागचा दिवा भागाभागाने मंद करणारे) आयपीएस काळ्याची उणीव बरीच भरून काढतात, पण काळ्यावरच्या पांढऱ्या सबटायटलभोवती प्रभामंडळ उभं राहतं. सिनेमे हाच मुख्य वापर असेल तर आयपीएसला रेटून नेण्यात अर्थ नाही.

लॉपटॉपची गोष्ट मात्र निराळी. १४ इंची २८८०×१८०० ओएलईडी पडद्यावर इंचाला २४० च्या वर पिक्सेल येतात. तिथे कड असली तरी एवढी बारीक की मला ती दिसत नाही. मोबाइलवर तर प्रश्नच नाही. २७ इंची ४के ओएलईडीही आता मिळतात, १६० च्या वर पिक्सेलांचे, आणि तिथे ही तक्रार बरीच सौम्य व्हायला हवी. पॅनेल बनवणारेही सरळ पट्ट्यांच्या रचनेकडे वळू लागलेत. खिसा परवानगी देत असेल आणि सिनेमा, गेम, मजकूर तिन्ही एकाच पडद्यावर हवं असेल, तर त्या गटात शोधा. पण आज, मध्यम खर्चात, १४४०पी क्यूडी-ओएलईडी आणि ४के आयपीएस अशी निवड समोर असेल, आणि दिवसातले बहुतेक तास देवनागरी वाचण्यात जात असतील, तर मी ४के आयपीएसकडे बोट दाखवेन. फार आग्रह नाही, पण विचारलंत म्हणून.

दुकानात जाणार असाल तर मोबाइलवर किंवा पेनड्राइव्हवर एक मराठी पान घेऊन जा: बारा पॉइंटचा मजकूर, पांढरं पान, त्यात ध, घ, भ, म भरपूर. निर्मला आणि मुक्ता असे दोन फॉन्ट ठेवा, कारण शिरोरेषेची जाडी बदलली की कडेचा ठळकपणाही बदलतो. डेमो व्हिडिओ बंद करायला सांगा. तो काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत पाणी उडवणारा असतो आणि त्यात ओएलईडी हरणं शक्यच नाही. झूम १०० टक्क्यांवर, अंतर एक हात. आणि ऑनलाइन मागवणार असाल, तर परतीची मुदत आहे तोवर त्या पांढऱ्या पानावर एक पूर्ण दिवस काम करा. सिनेमा लावून बघायची घाई नको, तो छानच दिसणार आहे.