पास्काली: पावसात तग धरणारा पांढरा गुलाब

पांढऱ्या हायब्रीड टी गुलाबाची, म्हणजे लांब देठावर एकेकटं टोकदार फूल देणाऱ्या गटातल्या गुलाबाची, परीक्षा एका रात्रीच्या पावसात होते. लाल किंवा किरमिजी फुलावर थेंबाचा डाग लपून जातो, पांढऱ्यावर तोच डाग सकाळी तपकिरी होऊन समोर येतो. त्यातच कळीच्या बाहेरच्या पाकळ्या ओल्या होऊन एकमेकींना चिकटल्या, की आतलं फूल उमलूच शकत नाही. राखाडी बुरशी धरते आणि कळी देठावरच कुजते. मोठ्या बागेत अशा दहा कळ्या गेल्या तरी कुणाच्या लक्षात येत नाही. गॅलरीत किंवा घरामागच्या वाफ्यात दोनच झाडं असतील, तर अख्खा बहर गेल्यासारखं वाटतं. म्हणून छोट्या जागेसाठी पांढरी जात निवडताना फुलाचा आकार आणि सुवास बाजूला ठेवून आधी पाणी सोसण्याची ताकद पाहावी. त्या एका निकषावर पास्काली बाकी बहुतेक पांढऱ्या जातींच्या पुढे आहे.

ही जात बेल्जियमच्या लुई लेन्स यांनी क्वीन एलिझाबेथ आणि व्हाइट बटरफ्लाय यांच्या संकरातून काढली आणि १९६३ साली बाजारात आली. १९९१ मध्ये जागतिक गुलाब महासंघाने तिला ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घेतलं. झाडाचा ताठ, सरळ बांधा क्वीन एलिझाबेथकडून आलेला सहज ओळखू येतो. मात्र उंची आवाक्यात राहते, साधारण ९० ते १२० सेंटिमीटर. पसारा कमी असल्यामुळे दोन झाडांत ६० सेंटिमीटर अंतर पुरतं.

फूल ८ ते १० सेंटिमीटरचं, म्हणजे हायब्रीड टीच्या मानाने लहानच. पाकळ्या तिसाच्या आसपास. प्रदर्शनात मांडायची फुलं हवी असतील त्यांना हा आकार खुजा वाटेल, पण पावसात तोच कामी येतो. पाकळ्या मोजक्या आणि घट्ट पोताच्या असल्यामुळे पाणी आत साचून राहत नाही, ऊन पडलं की फूल लवकर सुकतं. रंग शुभ्र, गाभ्याकडे किंचित सायीचा. सुवास जवळजवळ नाहीच. ही या जातीची खरी उणीव आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

बाकीच्या जाती का मागे पडतात ते थोडक्यात. व्हर्गो (१९४७) दिसायला अतिशय देखणी, पण भुरी (पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी) तिला पटकन धरते आणि भिंतींनी वेढलेल्या कोंदट जागेत तर हमखास. जॉन एफ. केनेडीची कळी हिरवट झाक घेऊन येते, फूल भरगच्च आणि सुवासिक असतं. मात्र नीट उमलायला तिला ऊब लागते, ढगाळ गारव्यात कळ्या अर्धवट अडकतात. ऑनर उबदार, कोरड्या हवेत झकास, पण झाड उंच जातं. प्रिस्टिनच्या पाकळ्यांच्या कडांना गुलाबी छटा असते आणि उमललेलं फूल फार टिकत नाही, त्यामुळे फुलदाणीसाठी ती निराश करते. आइसबर्ग (कॉर्डेस, १९५८) उत्तम झाड आहे, पण ती फ्लोरिबंडा. तिला घोसाने फुलं येतात, लांब देठावरचं एकेकटं टोकदार फूल मिळत नाही. रोपवाटिकेत ‘पांढरा गुलाब’ म्हणून ती सर्रास हायब्रीड टीच्या रांगेत ठेवलेली दिसते, तेव्हा शक्य असेल तर फूल आलेलंच रोप घ्यावं. प्रत्येक फांदीवर पाच-सहा कळ्यांचा झुबका असेल, तर ती पास्काली नाही.

रोप निवडताना फुलापेक्षा बुंधा पाहा. कलमाच्या जोडापासून निघालेल्या किमान तीन फांद्या हव्यात, पेन्सिलएवढ्या जाड. जोडापाशी चीर, काळा डाग किंवा गाठाळ सूज असेल तर रोप परत ठेवा. एकाच बारीक फांदीवर भलं मोठं फूल डोलत असेल, तर ते रोप केवळ विक्रीसाठी खतावर फुलवलेलं असतं.

कुंडी ४० सेंटिमीटर व्यासाची आणि तेवढीच खोल. यापेक्षा लहान कुंडीत झाड जगतं, पण दुसऱ्या वर्षापासून देठ आखूड होत जातात. दोन भाग बागेची माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, एक भाग जाड वाळू किंवा परलाइट, वर मूठभर निंबोळी पेंड. नुसत्या कोकोपीटमध्ये गुलाब लावू नये: वरून कोरडं दिसतं, खाली चिखल असतो आणि मुळं गुदमरतात. कलमाचा जोड उबदार हवेत मातीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवावा. जिथे माती गोठते तिथे तो तीन ते पाच सेंटिमीटर खाली गाडावा, म्हणजे फांद्या थंडीने मेल्या तरी जोडापासून नवा फुटवा येतो.

ऊन किमान सहा तास, आणि त्यातलं सकाळचं अधिक मोलाचं. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पान सलग सात-आठ तास ओलं मिळालं की ती रुजते. सकाळच्या उन्हाने दव सुकलं, की तिचा डाव तिथेच मोडतो. पास्कालीला हा रोग होतच नाही असं समजू नका. होतो. पाणी बुंध्याशीच द्यावं, झारीने पानांवरून नव्हे, आणि पडलेली ठिपकेदार पानं कुंडीत कुजू देऊ नयेत. पश्चिमेच्या भिंतीला खेटून झाड ठेवलं तर दुपारी भिंतीची धग लागून पाकळ्यांच्या कडा करपतात, म्हणून भिंतीपासून अर्धा मीटर तरी जागा सोडावी. काळ्या प्लॅस्टिकची कुंडी अशा ठिकाणी मुळं भाजून काढते. ती तशीच वापरायची असेल तर दुसऱ्या मोठ्या कुंडीत बसवावी.

कडा तपकिरी दिसल्या की पावसाला किंवा उन्हाला दोष देण्याआधी फुलकिडे तपासा. फिक्या रंगाच्या फुलांकडे ते ओढले जातात आणि बंद कळीतच पाकळ्या खरवडतात. कळी काळ्या कागदावर हलकेच झटकली, तर एक-दीड मिलिमीटरचे पिवळसर, सुईसारखे किडे वळवळताना दिसतात. कळीत शिरल्यावर फवारणी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. कळी वाटाण्याएवढी असतानाच काय ते करायचं: लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निमतेल आणि १ मिलिलिटर द्रवरूप साबण, आठवड्यातून एकदा, ऊन उतरल्यावर. कळीने पांढरा रंग दाखवला की फवारणी थांबवावी, नाहीतर पाकळ्यांवर तेलकट डाग पडतात. बिघडलेल्या कळ्या खुडून पिशवीत बांधून टाकाव्यात. निळे चिकट सापळे उपयोगी पडतात, पण एकट्या सापळ्याने भागत नाही.

खत देताना हात आखडता असलेला बरा. नत्र जास्त झालं की लुसलुशीत फुटवे येतात, त्यावर आधी मावा आणि मग भुरी. भुरीला पान ओलं असावं लागत नाही, दमट आणि कोंडलेली हवा पुरते. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला १ ते २ ग्रॅम, पंधरवड्याने, आणि तेही माती आधीच ओली असताना. कोरड्या मातीत दिलं तर पानांच्या कडा जळतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला तर क्षार साठले आहेत. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधं पाणी हळूहळू ओतून ते धुऊन काढावेत. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाही. याचं कारण बहुतेक वेळा जड पाण्याने चढलेला सामू (पीएच) असतो, म्हणून आणखी खत घालून काही होत नाही. गुलाबाला ६ ते ६.५ सामू मानवतो. खालच्या जुन्या पानांत शिरांमधला भाग पिवळा पडला तर मॅग्नेशियम कमी आहे.

मोठी छाटणी कडक हिवाळ्याच्या प्रदेशात थंडी ओसरताना करावी, उबदार प्रदेशात पावसाळा संपल्यावर. चार-पाच सशक्त फांद्या ३० ते ४५ सेंटिमीटरवर ठेवायच्या, काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (फांदीवरच्या फुटव्याच्या उंचवट्याच्या) अर्धा सेंटिमीटर वर, तिरका. पास्काली मुळातच सरळ वाढते. त्यात डोळा आतल्या बाजूचा राहिला, तर मध्ये फांद्यांची दाटी होते आणि हवा खेळत नाही. काप घेतल्यावर आतला गाभा पांढरट दिसला पाहिजे. तपकिरी असेल तर आणखी खाली या. बोथट कात्रीने फांदी चेपली की तिथूनच ती काळी पडत खाली उतरते. मातीतून, जोडाच्या खालून, वेगळ्याच पानांचा जोमदार फुटवा आला तर तो खुंटाचा, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलं त्याचा. वरून छाटला तर दुप्पट फुटतो, म्हणून माती उकरून मुळाशी ओढून काढावा.

फूल कापायचं ते सकाळी, बाहेरची एक-दोन पाकळ्यांची टोकं सुटली की, पाच पर्णिकांच्या पानाच्या वर. पहिल्या वर्षी देठ आखूडच घ्यावा, झाडाला पानांची गरज असते. मुख्य कळीच्या बाजूला आलेल्या बारीक कळ्या मोहरीएवढ्या असतानाच चिमटीने काढल्या तर फूल ठसठशीत होतं आणि जखमही दिसत नाही.

सुवासावाचून गुलाब कसला, असं ज्यांना वाटतं त्यांनी दुसरी कुंडी पोप जॉन पॉल दुसरे या जातीची करावी. लिंबाची आठवण देणारा दाट सुवास आहे, पण पाकळ्याही दाट. ती कुंडी छपराच्या कडेखाली ठेवावी, जिथे सकाळचं ऊन पोहोचतं आणि पावसाची झड पोहोचत नाही. उघड्या जागी पास्कालीच ठेवा.