दांडिया बाजारातील नळी: एका मटण खानावळीचे परीक्षण

मटणाची खानावळ पारखायची असेल तर नळी मागवावी, असे माझे मत आहे. झणझणीत वाटणाच्या आड बेताचे मटणही खपून जाते, पण नळीतल्या मज्जेला अशी सवलत नाही. पूर्ण वाढ झालेल्या जनावराच्या पायाच्या हाडांतली मज्जा बहुतांशी चरबीच असते. ती जास्त शिजली की वितळून रश्श्यात उतरते आणि कमी शिजली की हाडाला घट्ट धरून बसते. या दोहोंमधली वेळ साधणे हे आचाऱ्याचे खरे कसब, आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातील या जुन्या वळणाच्या मराठा खानावळीत ते बहुतेक वेळा साधलेले दिसते.

त्याचे निम्मे श्रेय खाटकाला द्यावे लागेल. ओंडक्यावर सत्तुराचा घाव घालून तोडलेली नळी अनेकदा उभी चिरते, तिच्या कपच्या रश्श्यात पडतात आणि मज्जा शिजण्याआधीच बाहेर येते. येथे मागच्या पायाचे हाड करवतीने आडवे कापून घेतात, त्यामुळे दोन्ही तोंडे सपाट राहतात आणि भोवतीचे मांसही हाडाला धरून असते. मिलान शहरातील ‘ओस्सो बुको’ या वासराच्या नडगीच्या प्रसिद्ध पदार्थातही काप असाच आडवा घेतात, आणि त्याच्या नावाचा अर्थही ‘भोक असलेले हाड’ असाच आहे. खानावळीच्या मालकांनी मिलानचे नाव ऐकले आहे की नाही याची कल्पना नाही, परंतु हाडाची जाण त्यांना नक्कीच आहे.

नळ्या कुकरमध्ये न घालता जाड बुडाच्या पातेल्यात, झाकणावर पाणी ठेवून, मंद आचेवर शिजवतात. ताटात आलेली नळी उचलून तिच्या तोंडाशी पाहिले तर मज्जा कडेपासून किंचित सुटलेली, तपकिरी झाक असलेली आणि मधोमध थरथरणारी दिसते. ताटाच्या काठावर एकदा हलकेच ठोकली की ती सबंध बाहेर येते. ओढून चोखावी लागत नाही. ती ज्वारीच्या गरम भाकरीच्या पापुद्र्यावर घेऊन वर मिठाचे चार कण आणि लिंबाचे दोन थेंब घातले की रश्श्याची आठवणही होत नाही. रस्सा अर्थात वाईट नाही. भाजलेला कांदा, सुके खोबरे आणि खसखस यांचे वाटण नीट परतलेले असते, आणि गुजरातेत असूनही त्यात गुळाचा खडा पडलेला नसतो. गायकवाडांनी १७३४ साली बडोदे घेतले. इतक्या पिढ्या येथे राहूनही मराठा घरांतल्या मटणाला गोडाची सवय लागली नाही, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

आता तक्रारींकडे वळतो. मेन्यूकार्डाच्या इंग्रजी बाजूला या पदार्थापुढे ‘मॅरो मसाला’ एवढेच छापले आहे. इंग्लंडमध्ये भाजीवाल्याकडे ‘मॅरो’ मागितले तर तो दुधीसारखे दिसणारे एक मोठे हिरवे फळ पुढे करतो, तेव्हा तो शब्द एकटा ठेवणे तिथेही घोटाळ्याचे ठरेल. बडोद्यात तर एकाच टेबलावर सामिष आणि शाकाहारी मंडळी शेजारी शेजारी बसतात. आधी ‘बोन’ हा शब्द छापायला असा कितीसा खर्च येणार आहे?

भिंतीवरचा फलक त्याहून खटकतो. नळी खाल्ल्याने रक्त वाढते, असे त्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे. रक्तपेशी तयार होतात त्या आपल्या स्वतःच्या हाडांतल्या तांबड्या मज्जेत. ताटातली मज्जा पोटात गेल्यावर मुख्यतः चरबी म्हणूनच पचते. आयुर्वेदाने सप्तधातूंत अस्थीनंतर मज्जेला स्थान दिले आहे हे खरे, म्हणून मसालेदार नळी हे औषध ठरत नाही. त्याच फलकावर पाय्याच्या सुपाचा दाटपणा मज्जेमुळे येतो असेही म्हटले आहे. तो प्रत्यक्षात सांध्यांतल्या कूर्चा आणि स्नायुबंध शिजून सुटणाऱ्या जिलेटिनमुळे येतो. सूप मात्र उत्तम आहे, आणि फलक न वाचता प्यायल्यास अधिकच रुचते.

सर्वांत मोठा दोष वाढण्याच्या क्रमात आहे. रविवारी गर्दी असली की नळी आधी येते आणि भाकरी मागाहून. मज्जा हा थांबणारा पदार्थ नव्हे. थंड होऊ लागली की तिच्या कडेला पांढुरकी साय धरते आणि ती ताळूला मेणासारखी चिकटून राहते. वाढपी मंडळी आर्जवी आहेत, ‘साहेब, आणतोच’ असे दर वेळी म्हणतात, परंतु भट्टीवर भाकऱ्या थापणारी बाई एकटीच असल्यामुळे त्यांचाही नाइलाज असतो. मालकांनी आणखी एक माणूस ठेवावा, किंवा भाकरी तव्यावर पडेपर्यंत नळी पातेल्यातच राहू द्यावी. लांब दांड्याचा अरुंद चमचाही ठेवायला हवा. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात केवळ मज्जा काढण्यासाठी चांदीचे निमुळते चमचे घडवत असत. येथे स्टीलचा चालेल, पण आइस्क्रीमचा चमचा नळीत शिरत नाही.

साधी मटण थाळी ठीक आहे, खिमा तेलकट आहे, आणि ‘नळी मलाई’ नावाचा नवा पदार्थ टाळावा. चरबीवर साय ओतून दोन्हींची चव घालवण्याचा तो प्रकार आहे.

नळीच्या थाळीला साध्या थाळीपेक्षा शंभर रुपये जास्त मोजावे लागतात आणि ते वाजवी आहेत, कारण एका बोकडाच्या मागच्या पायांत अशा चांगल्या नळ्या मोजक्याच निघतात. त्या दुपारी लवकर संपतात, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून ठेवावा. शक्यतो पार्सल घेऊ नये. घ्यायचेच झाले तर नळ्या रश्श्यात बुडवूनच मागाव्यात आणि घरी त्याच रश्श्यात मंद आचेवर गरम कराव्यात. मायक्रोवेव्हमध्ये मज्जा फुटून उडते आणि हाती रिकामे हाड राहते.