सात ड्रॅगन, चार बैल आणि एक छापखाना

माझी पुतणी सिंगापूरला नर्स आहे. फेब्रुवारीत गावी आली तेव्हा सगळ्यांना चॉकलेटं दिली आणि मला एक जड पुडकं. "काका, तुम्ही जन्मभर कॅलेंडरं छापता. म्हटलं, दुसऱ्यांचं कसं असते ते पाहा." मोर्शी-वरुड पट्ट्यात माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि दिवाळीनंतर किराणा दुकानदारांची भिंतीवरची कॅलेंडरं, हा धंदा. त्यामुळे हे चिनी कॅलेंडर मी दोन महिने गिऱ्हाईक म्हणून कमी आणि धंदेवाला म्हणून जास्त पाहिलं.

पुडक्यात दोन वस्तू. एक रोज एक पान फाडायचा गठ्ठा, आणि दुसरं लाल कव्हरचं जाड पुस्तक, कोपऱ्यात लाल दोरीचा फास घातलेलं. आपल्या पंचांगाला भोक पाडून सुतळी ओवतात, अगदी तसं, खिळ्याला अडकवायला. पुस्तकाचं मूळ नाव 'थुंग शू'. पण शू म्हणजे पुस्तक, आणि हाँगकाँगकडच्या बोलीत तोच उच्चार 'हरणे' या शब्दाचा. घरात हार कोण टांगणार? म्हणून ते लोक त्याला 'थुंग शिंग' म्हणतात, शिंग म्हणजे जिंकणे. आपण दुकान बंद करत नाही, वाढवतो. बाईची बांगडी फुटत नाही, वाढवते. हे कळलं आणि ते पुस्तक मला सोयऱ्यातलं वाटायला लागलं.

आधी मालाबद्दल. कागद पातळ, मागचं पान पुढे दिसतं, पण रोज फाडायच्या पानाला तेच बरं. टिनाची पट्टी पक्की. परफोरेशन, म्हणजे फाडायची भोकांची रेघ, मात्र कच्चं, एक पान ओढलं की दुसरं अर्धं सोबत येतं. लाल रंगाचं रजिस्ट्रेशन, म्हणजे रंग बसायची जागा, बऱ्याच पानांवर केसभर सरकलेलं आहे, आणि हे माझ्या छापखान्यात झालं असतं तर दुकानदाराने अर्धे पैसे कापले असते. सगळ्यात मोठी तक्रार इंग्रजीची. दोन भाषांचं कॅलेंडर म्हणून विकतात, पण चिनी मजकूर चार ओळी असेल तिथे इंग्रजी दोन शब्द, तेही मुंगीएवढ्या टायपात. बाकीचं पुतणीने मोबाइलचा कॅमेरा धरून वाचून दिलं. तिची सुट्टी संपली तेव्हा माझं वाचनही तिथेच थांबलं असतं, पण तोवर पानाची रचना माझ्या डोक्यात बसली होती.

पान असं वाचायचं. वर मोठ्या आकड्यात इंग्रजी तारीख. खाली चंद्राची तारीख, एक ते तीस. आपल्यासारखे शुद्ध-वद्य दोन पंधरवडे नाहीत, सरळ मोजणी. अमावस्येचा क्षण ज्या दिवशी पडतो तो दिवस एक तारीख, आणि तो क्षण बीजिंगच्या घड्याळाने धरायचा, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. आपण सूर्योदयाची तिथी बघतो, म्हणून त्यांची एक तारीख बहुतेक वेळा आपल्या अमावस्येलाच येते. त्यांचं घोड्याचं वर्ष १७ फेब्रुवारी २०२६ ला लागलं, त्या दिवशी आपली माघ अमावस्या. आमच्या सौ. म्हणाल्या, "अवसेले कोणी वर्ष सुरू करते का?" मी म्हटलं, मग लक्ष्मीपूजन कधी असते? त्यावर चहा आला नाही.

त्याखाली दोन रकाने: आज काय करावं, आज काय टाळावं. लग्न, पाया खोदणं, चूल मांडणं, पलंग लावणं, केस कापणं, दुकान उघडणं, गुरं आणणं, रोप लावणं, डॉक्टरकडे जाणं. पहिले आठ दिवस मी हे भक्तिभावाने वाचलं. नंतर लक्षात आलं की यात बरंचसं चाक आहे. दिवसांना बारा प्राण्यांची नावं न तुटता फिरत राहतात. त्यावर बारा शब्दांची दुसरी माळ फिरते. मी तिचं मराठी करून घेतलं: मांड, काढ, भर, सम कर, ठरव, धर, मोड, जप, साध, पदरात घे, उघड, मिट. 'मोड' आलं की मोठी कामं नकोत. 'साध' किंवा 'उघड' आलं की दुकान उघडायला हरकत नाही.

मग लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या दोन चकत्या कापल्या, मध्ये आयलेट ठोकला, बाहेरच्या चकतीवर प्राणी, आतल्या चकतीवर शब्द. महिन्यालाही यातलाच एक प्राणी असतो, त्याच्यासमोर 'मांड' आणायचं, की त्या महिन्याचा प्रत्येक दिवस आपोआप जुळतो. मार्चच्या शेवटी शेवटी चाक पानाशी बरोबर चाललं. ४ एप्रिलला 'धर'. ५ एप्रिलला माझ्या चाकावर 'मोड', आणि पानावर परत 'धर'! माझा आनंद काय सांगू. म्हटलं, सापडली चूक, गड्याने प्लेट तशीच ठेवली. (मी स्वतः एकदा जूनला ३१ तारीख छापली आहे, अडीचशे प्रती वाटून झाल्यावर समजलं.) रात्री लाल पुस्तक घेऊन बसलो तेव्हा उलगडलं. चूक माझीच होती. या चाकातला महिना चंद्राचा नाहीच, सूर्याचा आहे. ५ एप्रिलला त्यांचा छिंगमिंग, म्हणजे पूर्वजांच्या कबरी झाडायचा दिवस, लागला आणि त्याच दिवशी सशाचा महिना सरून ड्रॅगनचा सुरू झाला. चकती एक घर सरकवली, शब्द जुळला. वर्षातून बारा वेळा असा एक शब्द दोनदा येतो.

त्या रात्रीपासून करा-टाळाचा धाक गेला. जे कात्रीने कापून बनवता येतं, त्याला घाबरायचं किती?

आता पाडव्याची गोष्ट. या वर्षी १९ मार्चला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी त्यांच्या दुसऱ्या महिन्याची एक तारीख. असं जुळणं रोजचं नाही. अमरावतीहून जुनं कटिंग मशीन आणायचं मी पाडव्यालाच ठरवलं होतं, साडेतीन मुहूर्तांतला दिवस, कोणाला विचारायचं काम नाही. सकाळी गुढी उभारून पान फाडलं. दिवस ड्रॅगनचा. खाली लिहिलेलं: वैर कुत्र्याशी, अशुभ दिशा दक्षिण. माझा जन्म जून १९७० चा, म्हणजे कुत्र्याच्या वर्षातला, त्यांच्या हिशेबाने मी कुत्रा. आणि अमरावती आम्हाला दक्षिणेला.

चाकावर पाहिलं. ड्रॅगनच्या बरोबर समोर कुत्रा बसतो, म्हणून वैर. म्हणजे दर बाराव्या दिवशी मी घरात बसायचं. दिशा तर चार दिवसांत फिरतात, म्हणजे दर चौथ्या दिवशी अमरावती बंद. असं कुठे संत्र्याचं गाव चालतं? गेलो. मशीन आणलं, नारळ फोडला. ब्लेडला धार नव्हती, पण ती विकणाऱ्याने डिसेंबरापासूनच लावली नव्हती. बारा शब्दांत त्या दिवशी होतं 'काढ': जुनं काढून टाका, घर झाडा, दुखणं दाखवा. पाडव्याला आपण कडुनिंब खातो तेही पोट साफ व्हावं म्हणूनच ना? तेवढ्यापुरतं पान पटलं.

या पुडक्यातली खरी किमतीची गोष्ट मला अधिक महिन्याची वाटली, आणि इथे माझं दुखणं आहे. या वर्षी १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. ऐन लग्नसराईत महिनाभर पत्रिका बंद, जावयांची चंगळ आणि माझं मशीन थंड. चिन्यांचा अधिक महिना गेल्या वर्षीच होऊन गेला, २५ जुलै ते २२ ऑगस्ट, सहाव्या महिन्यानंतर. नियम मात्र दोघांचा जवळजवळ एकच. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत पडत नाही तो आपला अधिक. त्यांच्याही बारा मुख्य सूर्यखुणा आहेत, ज्या महिन्यात एकही पडत नाही तो अधिक. एकोणीस वर्षांत साधारण सात. मग तारखा का जुळत नाहीत? कारण आपण सूर्य ताऱ्यांवरून मोजतो आणि ते ऋतूवरून, आणि या दोन मोजण्यांत सुमारे चोवीस दिवसांचं अंतर पडलं आहे. म्हणूनच दिवस मोठा व्हायला लागतो डिसेंबरच्या २१-२२ ला आणि आपली मकरसंक्रांत येते जानेवारीच्या मध्यावर.

गंमत पुढे आहे. अधिक महिन्यामुळे त्यांचं मागचं वर्ष लांबलं आणि त्यात वसंताचा पहिला दिवस दोनदा आला, ३ फेब्रुवारी २०२५ ला आणि ४ फेब्रुवारी २०२६ ला. असं वर्ष लग्नाला उत्तम मानतात. त्याच्या आधीच्या वर्षात तो दिवस एकदाही नव्हता, त्याला विधवा वर्ष म्हणतात आणि पोरं बोहल्यावर चढायला कचरतात. म्हणजे आमचा अधिक लग्न थांबवतो, त्यांचा लग्न लावतो. त्यांच्याकडे छापखाना काढायला हवा होता.

सूर्याच्या खुणा मुख्य-दुय्यम मिळून चोवीस, पंधरा-पंधरा दिवसांच्या. युनेस्कोने २०१६ मध्ये त्या वारशाच्या यादीत घेतल्या. नावं वाचायला गोड: किडे जागे होतात, धान्याचा पाऊस, पांढरं दव. पण ती उत्तर चीनच्या हवेवरून बेतलेली. ७ डिसेंबरला 'मोठा बर्फ' लिहिलंय, तेव्हा आपल्याकडे कापूस वेचणं चालू असतं. एक खूण मात्र थेट आपली: ५-६ जूनला 'कुसळाचं धान्य', काढणी-पेरणीच्या धावपळीचा दिवस. आपला मृग ७-८ जूनला. या दोन तारखांतलं अंतर आज दोन दिवसांचं, पण मृग ताऱ्यांना बांधलेला असल्यामुळे साधारण ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकतो आणि त्यांची खूण जागची हलत नाही. शेतीसाठी कोणाचं बरोबर, हे मी आमच्या बागायतदारांसमोर बोलणार नाही.

लाल पुस्तकात पावसाचंही आहे. नवीन वर्षाच्या कितव्या दिवशी ड्रॅगनचा दिवस येतो, तितके ड्रॅगन त्या वर्षी पाणी सांभाळतात. बैलाचा दिवस कितवा, तितके बैल नांगरतात. मी चाकावर मोजलं: या वर्षी सात ड्रॅगन, चार बैल. शेजारचे दादाजी खुशीत आले. "सात? मंग त पूर येते!" मी म्हटलं, उलट आहे दादाजी. ड्रॅगन जास्त की पाऊस कमी, एकमेकांवर ढकलतात. दोन घरचा पाहुणा उपाशी. दादाजी थोडा वेळ गप्प बसले. त्यांच्या पंचांगात पावसाच्या नक्षत्रांना वाहनं असतात, बेडूक, म्हैस, मेंढा, त्यामुळे प्राण्यांनी पाऊस आणणं त्यांना नवं नाही. आळशी प्राणी मात्र नवा.

किंमत पुतणीने सांगितली नाही, तिकडे मिळतं स्वस्तात म्हणाली. कोणी येणार असेल तर लाल पुस्तक मागवा. रोजचं पान मागवू नका, इंग्रजीसाठी तर नकोच. चाक तुम्हीही कापू शकता. मुहूर्तासाठी अजिबात नको.

अक्षय्य तृतीयेला बुलढाण्याकडच्या भेंडवळची घटमांडणी आहे, घटातल्या धान्यावरून पीकपाण्याचं भाकीत सांगतात ती. दादाजींनी मला छापखान्याच्या भिंतीवर पेन्सिलने दोन रकाने आखायला लावले, एक भेंडवळचा, एक चिनी. चिनीच्या खाली मी ७ लिहिलं. ते म्हणाले, "पेन्सिलनं नको, शाईनं लिही. मागून बदलवशील."