घोड्यांच्या पागेत वर्कशॉप: १७ महिने काम केल्यानंतर

घोडे जाऊन ६ वर्षं झाली होती. पागा रिकामी, छप्पर शाबूत, आणि माझं सुतारकाम मात्र व्हरांड्यात. पावसाची सर आली की रंधा टाकून लाकडं आत ओढायची, हा नेहमीचा खेळ. पागेचं वर्कशॉप करू या हे ठरायला एक संध्याकाळ पुरली, करायला ७ महिने लागले. आता तिथे रोज काम करून १७ महिने झालेत. दोन पावसाळे आणि एक हिवाळा काढलाय, म्हणून लिहायला बसलो. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं.

इमारत अशी: ४८ फूट लांब, ३६ फूट रुंद. मधून १२ फुटी बोळ आणि दोन्ही बाजूंना १२ बाय १२ चे चार-चार कप्पे. त्यातले सहा घोड्यांचे, एक खोगीर-लगाम ठेवायचा, एक चाऱ्याचा. चार फुटांपर्यंत विटांची भिंत, वर फळ्या, लाकडी कैच्या (छप्पर तोलणारे त्रिकोणी सांगाडे) आणि पत्रा. कागदावर याहून सोयीची जागा नाही. घोडं पेंड कुठे खातं ते जमिनीला हात घातल्यावर कळलं.

मला वाटलं होतं, ६ वर्षं पागा रिकामी आहे, वास गेला असेल. कोरड्या दिवसांत खरंच नसायचा. हवेत ओल आली की हजर. घोडा दिवसाला सहज पाच-सात लिटर मुततो. कच्च्या जमिनीत ते वर्षानुवर्षं मुरत गेलं, जंतूंनी त्यातल्या युरियाचा अमोनिया केला आणि बाकीचं क्षार होऊन माती-विटांत बसलं. पहिल्या कप्प्यात मी घाई केली. वरची चार बोटं माती खरवडली, सोलिंग (दगडांचा थर) केलं आणि कोबा घातला. पहिल्या पावसाळ्यात कोब्याच्या कडेने, भिंतीला लागून, पांढरी बुरशीसारखी लव उगवली आणि वास परत आला. लव म्हणजे बुरशी नव्हे, क्षार. पाणी वर चढतं, हवेत उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं.

उरलेल्या कप्प्यांत मग शहाणपण सुचलं. फूटभर माती पूर्ण काढली, बाहेर नेऊन पसरली, नवा मुरूम दाबून भरला, त्यावर २५० मायक्रॉनचं प्लास्टिक आणि मग ४ इंची काँक्रीट. प्लास्टिकच्या कडा भिंतीवर वर वळवून घेतल्या. त्या कप्प्यांत आजतागायत वास नाही. माती उपसायच्या आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंच पाहिजे, हे कुणी सांगत नाही. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू घोड्याच्या लिदीत आणि तिथल्या मातीत असतात आणि ते वर्षानुवर्षं टिकतात. घोडे कधी गेले याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. मला तिसऱ्या दिवशी गंजका खिळा बुटातून आरपार लागला. इंजेक्शन घेतलेलं होतं म्हणून रात्री झोप लागली.

अमोनियाची दुसरी करामत पितळावर दिसली. पहिल्या कप्प्यात ठेवलेल्या एक्स्टेंशन बोर्डाच्या पिना चार महिन्यांत हिरव्या-निळ्या पडल्या, एका जुन्या पितळी बिजागरीला केसासारखा तडा गेला. वाचत गेलो तर ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी निघाली. ब्रिटिश लष्कराची भारतातली पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली असत, आणि ती न वापरताच तडकत. पावसाळ्यात व्हायचं म्हणून त्याला हंगामी तडे म्हणायला लागले. कारण १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडून दाखवलं: ओढून-ठोकून आकार दिलेल्या पितळात ताण अडकलेला असतो, त्यात घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि ओल मिळाली की धातू तिथून फाटतो. म्हणजे माझ्या बिजागरीला लष्करी परंपरा आहे. गमतीचा भाग सोडा, पण पितळी फिटिंग आणि उघडी तांब्याची टोकं त्या कप्प्यात मी आता ठेवत नाही.

भिंतींचं दुखणं याच घरातलं. गवंड्याने सिमेंटचा गिलावा सुचवला, मीही मान डोलावली. दिसला छान. पाचव्या महिन्यात खालच्या दोन फुटांत फुगला आणि ताटाएवढे पोपडे पडायला लागले. आतल्या विटांना लोणा लागलेला. सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही, मग क्षार गिलाव्याच्या पाठीमागे स्फटिक होऊन त्यालाच ढकलून देतात. पूर्वी अशाच गोठ्या-तबेल्यांची माती धुऊन बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढत, यावरून किती क्षार साठत असेल त्याचा अंदाज करा. सगळा सिमेंट गिलावा फोडून चुन्याचा केला. चुना वाळायला वेळ घेतो, खालच्या भागात थोडी पांढरी पूड अजूनही येते, ती मी कोरड्या ब्रशने झाडतो. पोपडा मात्र एकही नाही. पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून परत आत जातात.

आता आवडलेल्या गोष्टी, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी पस्तावलोय.

सगळ्यात आवडतं ते दुभागी दार. घोड्याने तोंड बाहेर काढावं म्हणून वरचा अर्धा भाग वेगळा उघडतो. खालचं दार बंद, वरचं उघडं, की उजेड आणि वारा आत आणि कुत्रं-कोंबड्या बाहेर. भुसा उडत असला तरी बोळात फार येत नाही. मी स्वतः नवी इमारत बांधली असती तर अशी दारं सुचलीच नसती. गव्हाणी तर आयत्या मिळाल्या. उरलेले लाकडाचे तुकडे टाकायला त्यांच्याइतकी खोल आणि मजबूत पेटी विकत घेऊनही मिळणार नाही. घोड्यांनी चावून चावून गोल केलेल्या फळ्यांच्या कडा तशाच ठेवल्यात. पटाशा टांगताना हाताला लागत नाहीत.

कप्पे तोडून मोठा हॉल करायचा, हा माझा मूळ बेत होता. बरं झालं, पैसे संपले. कप्प्यांच्या कोपऱ्यातले खांबच कैच्या तोलून धरतात, त्यांना हात लावायची सोय नव्हती. मी फक्त दोन कप्प्यांमधली आडवी पार्टिशन काढली आणि तिथे टेबल सॉ आणि लांब बेंच आला. बाकी कप्पे वेगळे राहिले त्याचा फायदा आज रोज घेतो: एकात वेल्डिंग-ग्राइंडिंग, एकात पॉलिश, एकात लाकूड. ग्राइंडरची ठिणगी भुशात पडली तर लगेच पेटत नाही, आत धुमसत राहते. म्हणून वेल्डिंग झालं की मी किमान अर्धा तास तिथून हलत नाही. जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकायची सवय असेल तर ती आधी सोडा. तेल हवेशी संयोग पावताना तापतं, आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. माझ्या चिंध्या बाहेर कुंपणावर पसरून वाळतात.

छपराच्या तुळईला चेनपुली टांगायचा मोह आवरला, हेही सांगून ठेवतो. ती तुळई पत्र्याचं वजन पेलायला बसवलेली आहे, इंजिन उचलायला नाही. जमिनीवर उभी राहणारी घोडी करून घेतली. हो, तिला घोडीच म्हणतात.

उतार विसरत होतो. पागेची जमीन मुद्दाम नालीकडे उतरती असते. जुन्या उतारावर बँडसॉ उभा केला तर तो पाय हलवत आपला आपण सरकायचा. कप्प्यांत नवं काँक्रीट समतल केलं, बोळात मात्र उतार आणि नाली तशीच ठेवली. धार लावायच्या दगडाचं पाणी, बूट, बादल्या, सगळं तिथे धुतलं जातं.

विजेचं काम मी सगळ्यात शेवटी काढलं, वरातीमागून घोडं. काँक्रीट झाल्यावर पाइप टाकायला परत कापाकापी. घरापासून पागा ६० मीटर. जुनी २.५ चौरस मिलिमीटरची तार दिव्यांसाठी ओढलेली होती, मी तिच्यावरच टेबल सॉ लावला. मोटर कण्हायची, दिवे मंद व्हायचे आणि एमसीबी, म्हणजे जास्त करंटला आपोआप बंद होणारा स्विच, पडायची. हिशेब साधा आहे: येऊन-जाऊन १२० मीटर तांबं म्हणजे साधारण ०.८४ ओहम. चालू मोटर १० अँपियर घेते, पण सुरू होताना पाच-सहा पट ओढते. ६० अँपियर धरले तर ५० व्होल्ट वाटेतच खर्च, २३० चे उरले १८०. १० चौरस मिलिमीटरची केबल टाकली आणि ती घट साडेबारा व्होल्टवर आली. एमसीबी बी कर्व्हची होती, जी तिच्या ठरलेल्या करंटच्या ३ ते ५ पटीला लगेच पडते. मोटरसाठी ५ ते १० पटीला पडणारी सी कर्व्हची लावली. पागेजवळ वेगळं अर्थिंग, ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि सगळ्या तारा लोखंडी पाइपातून, कारण उंदरांनी जागा सोडलेली नाही. दिव्यांबद्दल एकच: जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली फिरतं पातं थांबल्यासारखं दिसू शकतं. यंत्रांवर चांगल्या ड्रायव्हरचे (आतल्या वीज पुरवणाऱ्या सर्किटचे), न लुकलुकणारे एलईडी लावा.

हिवाळ्यात मी सगळ्यात मोठा मूर्खपणा केला. गार वारा येतो म्हणून वळचणीच्या आणि आढ्याच्या फटी फोमने बुजवल्या आणि गॅसची शेगडी पेटवली. पहिल्या आठवड्यात ऊब, दुसऱ्या आठवड्यात पत्र्यातून आत पाऊस. बाहेर आभाळ निरभ्र! एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं, ते गार पत्र्याला लागून थेंब होतं. टेबल सॉच्या ओतीव टेबलावर माझ्या बोटांचे ठसे गंजून उमटले होते. घोडे श्वासातून आणि घामातून भरपूर वाफ सोडतात, म्हणून बांधणाऱ्याने त्या फटी विचार करून ठेवलेल्या होत्या. सगळा फोम काढला, फटींना जाळी लावली, पत्र्याखाली २५ मिलिमीटरच्या इन्सुलेशनच्या पाट्या बसवल्या. शेगडी बंद, त्याऐवजी विजेचा छोटा हीटर पायाशी. टेबलांना महिन्यातून एकदा मेण. त्यानंतर गंज नाही. गारठा आहे, पण हात चालतात.

पाऊस पडताना पत्र्याखाली बोलणं ऐकू येत नाही, ही तक्रार मात्र कायम आहे. माळ्यावरचा जुना चारा काढताना साधा रुमाल बांधला आणि दोन दिवस खोकलो. बुरशीच्या चाऱ्याची धूळ फुप्फुसाला वाईट, तिथे एन ९५ मास्कच हवा. चिमण्यांनी आढ्यात घरटी केलीत, पॉलिशच्या कप्प्यावर तेवढं प्लास्टिक ताणलंय.

एक गंमत. शेजारच्यांकडे अजून दोन घोडे आहेत. माझा रंध्याचा भुसा ते अंथरायला नेतात. मी अक्रोडाचं लाकूड आणलं तेव्हा मात्र त्यांना हात जोडून नाही म्हटलं. काळ्या अक्रोडाच्या ताज्या भुशावर उभं राहून घोड्यांचे खूर सुजतात, लंगडतात, आणि त्याला फार भुसा लागत नाही. तेव्हापासून अक्रोडाचं पोतं वेगळं, त्यावर लाल रंगाची फुली.

कुणी विचारलं करू का, तर जमीन आधी खणून बघा म्हणतो. फूटभर माती काढायची तयारी असेल तर करा, नसेल तर साधी नवी शेड उभी करणं कमी त्रासाचं आहे.

माझा तो पहिला कप्पा अजून तसाच आहे. कोबा फोडायचा ब्रेकर आणून ठेवलाय, सिलिकाच्या धुळीसाठी मास्क आणलेत. यंदा पावसाच्या आधी तो उपसला नाही, तर ती पांढरी लव आणि तो वास पुन्हा हजर होईल.