स्टीमिट आणि हाइव्ह : लेखनाआधी चाव्या आणि हिशेब

ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या नोंदींच्या न पुसता येणाऱ्या साखळीवर, चालणाऱ्या लेखन-मंचांचा विषय निघाला की २०१६ साली सुरू झालेले स्टीमिट आणि ट्रॉन या क्रिप्टो-प्रकल्पाचे संस्थापक जस्टिन सन यांनी ते चालवणारी कंपनी विकत घेतल्यावर उद्भवलेल्या वादातून मार्च २०२० मध्ये वेगळे झालेले हाइव्ह, ही दोन नावे हमखास येतात. दर तीन सेकंदांनी नोंदींचा नवा गठ्ठा (ब्लॉक) साखळीत जोडला जातो आणि लेख प्रसिद्ध करायला किंवा मत द्यायला शुल्क पडत नाही. या बाबतीत दोन्हींचे कौतुकच करायला हवे. तरीही सर्वसामान्य लेखक तेथे रुळत नाही, कारण जे पडद्यामागे राहायला हवे तेच त्याच्यापुढे सर्वांत आधी येते.

सुरुवात चाव्यांपासून होते. ओनर, अॅक्टिव्ह, पोस्टिंग आणि मेमो अशा चार चाव्या, म्हणजे पासवर्डचे काम करणाऱ्या अर्थहीन अक्षरांच्या चार लांबलचक ओळी, नवागताने जपून ठेवायच्या असतात. वास्तविक लिहिण्यासाठी आणि मत देण्यासाठी एकटी पोस्टिंग चावी पुरते. पासवर्ड हरवला तर ईमेलवर नवा मागवता येत नाही. चोरीला गेलेले खाते परत मिळवण्याची सोय आहे, पण तिलाही गेल्या ३० दिवसांत चालू असलेली ओनर चावी लागते. माझ्या मते पहिल्या दिवशी फक्त पोस्टिंग चावीचे काम पडावे, तेही नेहमीच्या लॉगिनच्या आड. खात्यात रक्कम जमू लागली की बाकीच्या चाव्यांची जबाबदारी समजावून सोपवावी.

याहून अवघड दुखणे पैशाचे आहे. प्रत्येक लेखाखाली त्याची कमाई झळकते, ती सात दिवसांनी पक्की होते आणि मताचे वजन मत देणाऱ्याने गुंतवलेल्या टोकनांवर (मंचाच्या डिजिटल चलनावर) ठरते. त्यामुळे अनेक सामान्य वाचकांची पसंती मिळूनही आकडा शून्याजवळच रेंगाळतो आणि एका बड्या टोकनधारकाच्या मताने तो झपाट्याने चढतो. ‘ट्रेंडिंग’ची क्रमवारीही याच आकड्यावर लागत असल्याने तेथे वाचकांची आवड दिसण्याऐवजी धारकांची मर्जी दिसते. डाउनव्होटने (विरोधी मताने) कमाई खाली येते, हे ठाऊक नसलेला नवा लेखक तर तो अपमानच समजतो (आणि कधी कधी त्याचे चुकतही नाही). कमाईचा हिशेब लेखकाच्या खात्याच्या पानावर हलवावा आणि मुख्य पान भाषा, विषय व चर्चेनुसार लावावे; एवढ्यानेही वातावरण बरेच निवळेल. हाइव्हवर गुंतवलेली टोकने (त्यांना ‘पॉवर’ म्हणतात) तेरा आठवड्यांच्या हप्त्यांनीच मोकळी होतात, हेही गुंतवतानाच ठळकपणे सांगायला हवे.

लेख दुरुस्त केला तरी जुनी आवृत्ती साखळीत कायम राहते. सेन्सॉरशिपला वैतागलेल्यांना हा मोठा गुण वाटेल, परंतु घरचा पत्ता किंवा मुलांची नावे सहज लिहून जाणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. ही सूचना मदतीच्या पानात न ठेवता ‘प्रसिद्ध करा’ या बटणाच्या शेजारीच असायला हवी.