कॉन्ट्रॅक्टरकडे अडकलेले ६,००० पौंड: कोर्ट, मध्यस्थी की लवाद?

लंडनजवळच्या स्लाऊमधल्या आमच्या मित्राचं नवंकोरं स्वयंपाकघर दोन महिन्यांत उखडायला लागलं. टाइल्स सुटल्या, सिंकखाली पाणी झिरपू लागलं, आणि सगळे पैसे घेऊन मोकळा झालेला कॉन्ट्रॅक्टर फोन उचलेना. दुसऱ्याकडून दुरुस्तीचं कोटेशन आणलं तर ६,००० पौंड. चहाला आला तेव्हा त्याने विचारलं, ‘कोर्टात जाऊ की मिटवून टाकू?’

इंग्लंड आणि वेल्समध्ये (स्कॉटलंडचं वेगळं) हा ‘की’ आता फारसा उरलेला नाही. १०,००० पौंडांपर्यंतचा पैशाचा दावा काउंटी कोर्टात स्मॉल क्लेम म्हणून चालतो, आणि मे २०२४पासून अशा बहुतेक दाव्यांत आधी मध्यस्थीला बसावंच लागतं. तडजोडीची सक्ती नाही, हजेरीची आहे. हजेरी चुकवली तर न्यायाधीश खर्च अंगावर घालू शकतो, दावा किंवा बचाव काढूनही टाकू शकतो. याआधी, २००४च्या हॅल्सी निकालाच्या आधारावर, कोर्ट कुणाला बळजबरीने मध्यस्थीला धाडू शकत नाही असंच मानलं जायचं. नोव्हेंबर २०२३मध्ये चर्चिल विरुद्ध मर्थर टिडफिल कौन्सिल खटल्यात अपील कोर्टाने ती समजूत मोडीत काढली. मूळ भांडण शेजारच्या जमिनीतून घुसलेल्या जपानी नॉटवीडचं, म्हणजे चक्क तणाचं!

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे मात्र हा फुकटचा मध्यस्थ पायरी चढल्यावरच भेटतो. आधी कॉन्ट्रॅक्टरला रीतसर पत्र, मुदत, आणि मग ऑनलाइन दावा. ५,००० ते १०,००० पौंडांच्या दाव्याला फी ४५५ पौंड. सुनावणीची फी वेगळी. जिंकलात तर फी सहसा समोरच्याकडून मिळते, आणि ८ टक्क्यांपर्यंत व्याजही मागता येतं. वकिलाचा खर्च मात्र स्मॉल क्लेममध्ये सहसा परत मिळत नाही, म्हणून लोक स्वतःच बाजू मांडतात. याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते: हरलात तरी समोरच्याच्या वकिलाचं बिल सहसा तुमच्या गळ्यात पडत नाही. दावा १०,०००च्या वर गेला की ही सोय संपते.

मध्यस्थी फोनवर, जास्तीत जास्त तासभर. दोन्ही बाजू एकमेकांशी बोलतच नाहीत. आमचा मित्र फ्रिजवर ‘४,०००च्या खाली नाही’ अशी चिठ्ठी लावून बसला होता. मध्यस्थाचा फोन यायचा, ‘ते २,५०० म्हणतायत’, हा आपला आकडा सांगायचा, फोन बंद. पुन्हा दहा मिनिटं सिंककडे बघत बसायचं. टाइल्सचे चाळीस फोटो त्याने तयार ठेवले होते. मध्यस्थाने त्यावर काहीच मत दिलं नाही, कारण कोण खरं हे ठरवणं त्याचं कामच नाही. तुम्हाला पैशापेक्षा निवाडा हवा असेल, तर सुनावणीपर्यंत थांबा. त्याला वर्षभर लागलं तरी नवल नाही.

निकाल लागला म्हणजे पैसे आले असं समजू नका. कोर्ट आपणहून वसुली करत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी फी, मग बेलिफ, म्हणजे वसुलीला जाणारा कोर्टाचा माणूस. महिन्याभरात न भरलेला हुकूमनामा सहा वर्षं सार्वजनिक नोंदवहीत राहतो आणि कर्ज मिळणं अवघड होतं. चालू धंद्याला तो धाक पुरतो, बुडालेल्या कंपनीला त्याचं काय? म्हणून दाव्याआधी कंपनीज हाउसच्या (कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कचेरीच्या) साइटवर समोरच्याचे हिशेब फुकटात बघून घ्यावेत. तडजोडीचे पैसे थकले तरी पुन्हा कोर्टच गाठावं लागतं.

लवादाचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या खासगी पंचाचं, थोडक्यात: न्यायाधीशाचा पगार सरकार देतं, लवादाची फी तुम्ही. स्वयंपाकघरासाठी परवडत नाही. पुण्याच्या निर्यातदाराचा लंडनच्या कंपनीशी मोठा करार असेल तर गोष्ट वेगळी. सगळं बंद दाराआड चालतं, अपिलाला वाव कमी, आणि परदेशी लवादांचे निवाडे मानण्याच्या आंतरराष्ट्रीय न्यूयॉर्क करारामुळे तो निवाडा भारतातही अमलात आणता येतो.

मित्राचं ४,२०० पौंडांवर मिटलं, पैसेही आले. फीचे ४५५ त्यातच धरलेले. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं. काम वाईट केलं हे कॉन्ट्रॅक्टरने शेवटपर्यंत कबूल केलं नाही, तसं कुणी लिहूनही दिलं नाही. वहिनींना ते अजून खटकतं.