सहा महिने ‘वात आहे’ ऐकलं, मग हे क्लिनिक मिळालं (साडेतीन स्टार)

मागच्या पावसाळ्यात घर शिफ्ट केलं तेव्हा आमच्या ह्यांनी कपाटं स्वतः उचलली, आणि थोड्या दिवसांनी दोन्ही हात सुजले, मग कातडी अशी आखडली की कोपर सरळ होईना, दंडावर हात फिरवला तर संत्र्याच्या सालीसारखं लागायचं. सगळे म्हणाले लचक आहे, तेल लावा. एका डॉक्टरांनी वात म्हणून सहा महिने पेनकिलर दिल्या, दुसऱ्यांनी वरवरची बायोप्सी केली, म्हणजे कातडीचा तुकडा काढून तपासला, त्यात काहीच नाही आलं. पैसे गेले ते वेगळेच.

शेवटी जाऊबाईंच्या ओळखीनं ह्या संधिवातवाल्या मॅडमकडे गेलो, इंदूरच्या रामबागेतून ऑटोनं. त्यांनी ह्यांना नुसतं हात वर धरा म्हटलं, आणि जिथे शीर फुगलेली दिसते तिथे उलट आत लांब खळगा पडला, मातीत नाली खोदावी तसा! मी तर बघतच राहिले, रोज ह्यांचे हात चोळून देत होते मी, मला कधी दिसला नाही. मग चेहरा बघितला, बोटं दाबली, विचारलं थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का. नाही म्हटलं. तर म्हणाल्या स्क्लेरोडर्मा (कातडी कडक होण्याचा दुसरा आजार) वाटत नाही, इओसिनोफिलिक फॅसायटिस असेल, म्हणजे स्नायूंवर जो पापुद्रा असतो त्यालाच सूज. जुन्या फाइलीत इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) वाढलेले होतेच, तेव्हा ॲलर्जी म्हणून सोडून दिलं होतं. एमआरआय आणि पार स्नायूपर्यंतची खोल बायोप्सी झाल्यावर पक्कं झालं. रिपोर्टात ‘शुलमन’ वाचून मी घाबरले, तर ते त्या डॉक्टरचं नाव निघालं ज्यांनी १९७४ मधे हा आजार पहिल्यांदा सांगितला.

ट्रीटमेंट म्हणजे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, वजनाप्रमाणे, ह्यांना ४० मिग्रॅपासून, सकाळी नाश्त्यानंतर, आणि मनानं एकदम बंद करायचं नाही हे तीनदा बजावलं. सोबत प्रतिकारशक्ती दाबणारं मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ, आठवड्यातून एकदाच, फॉलिक ॲसिड वेगळ्या दिवशी, आणि ठराविक दिवसांनी रक्तपेशींची (सीबीसी) आणि लिव्हरची तपासणी. ते नाही जमलं तर मायकोफेनोलेट हे तसंच दुसरं औषध आहे म्हणाल्या. स्टिरॉइडनं शुगर वाढली, रात्री झोप नाही, भूक मात्र राक्षसासारखी, आणि इंदूरात राहून पोह्यांबरोबर जिलबी बंद, म्हणजे बघा.

एक सांगते, मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर एका मेडिकलवाल्यानं ‘रोज १’ लिहून दिलं होतं! मी चिठ्ठी बघितली म्हणून वाचलो, रोज घेतलं असतं तर जिवावर बेतलं असतं. आता कॅलेंडरवर दर रविवारी लाल गोल करते.

दीड स्टार कापला तो वेटिंगचा. अकराची वेळ, नंबर लागला पावणेदोनला, आणि रिसेप्शनवर काही विचारलं की ‘बैठिये ना आंटी’. फिजिओथेरपी पण मीच विचारली तेव्हा लिहून दिली, ती पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती, सांधे आखडून बसले की मग फार त्रास. सुधारणा हळूहळू आहे, चार महिन्यांत कातडी जरा सैल झाली, कोपर अजून पूर्ण नाही उघडत, पण शर्टाची वरची बटणं आता स्वतः लावतात.

जाणार असाल तर जुने सगळे ब्लड रिपोर्ट न्या, अगदी नॉर्मल म्हणून फेकायला काढलेले पण, आणि डबा सोबत ठेवा.